चौकातले पाठीराखे

आमचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर होतं. दोन खोल्या, चार टेबलं आणि खालून दिवसभर वर येणारी इस्त्रीची वाफ. माझा पाठचा भाऊ व्हिडिओ गेम बनवायचा आणि मी लोकांच्या मेलना उत्तरं द्यायचे. त्याआधी मी विमा कंपनीत होते, दाव्यांच्या विभागात. ‘नाही’ हा शब्द न वापरता नाही म्हणायची कला तिथे अंगवळणी पडते. भावाने मला त्यासाठीच बोलावलं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

गेमसाठी लोकांनी आगाऊ पैसे दिले होते, नुसत्या चार चित्रांवर भरवसा ठेवून. बदल्यात आम्ही बक्षिसं कबूल केली होती. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे चौकातली जागा. गेममधल्या शहराच्या मधोमध एक फरसबंदी चौक होता. तुम्ही तुमच्या माणसाचे फोटो पाठवायचे, आमचा चित्रकार हुबेहूब ते माणूस करणार, ते चौकात उभं राहणार आणि तुम्ही जवळ गेलात की वळून तुमच्याकडे बघणार. चारशे बारा जणांनी ही जागा घेतली, आणि बहुतेकांनी ती गेलेल्या माणसासाठी घेतली.

या लोकांना म्हणायचं काय, यावर आमची अख्खी दुपार गेली. गिऱ्हाईक म्हटलं तर माल द्यावा लागतो. देणगीदार म्हटलं तर आपण हात पसरल्यासारखं होतं. शेवटी भाऊ म्हणाला, “पाठीराखे.” शब्द सगळ्यांना आवडला. नियमांतलं नववं कलम मी लिहिलं: पाठीराखा हा ग्राहक नव्हे, देणगीदारही नव्हे; बक्षीस देण्याचा कंपनी प्रामाणिक प्रयत्न करील.

तो प्रामाणिक प्रयत्न असा झाला. चित्रकार म्हणाला, चेहऱ्याला चार दिवस लागतात, पाठीला एक तास. आधी सगळ्या पाठी करून टाकू, म्हणजे चौक भरलेला दिसेल, चेहरे मागाहून करू. त्याने चारशे बारा पाठी केल्या. मग पगार थकला आणि तो दुसरीकडे गेला. गेम तसाच लोकांच्या हातात पडला. चौकात ही गर्दी, आणि सगळी पाठमोरी. जवळ गेलं तरी कोणी वळत नसे, कारण वळवायला पुढच्या बाजूला काही केलेलंच नव्हतं.

तक्रारी आल्या. मी ‘काम प्रगतिपथावर आहे’ असं कळवत राहिले. बहुतेक लोक चिडून, शिव्या घालून गप्प झाले. चष्मेवाले काका तेवढे चिडले नाहीत. त्यांचं पस्तीस वर्षं चष्म्याचं दुकान होतं आणि त्यांनी बायकोसाठी जागा घेतली होती. ते दर सोमवारी अकरा वाजता फोन करायचे.

“मॅडम, माझ्या डोळ्यांचा मधला भाग जातोय,” एकदा ते म्हणाले. “दुसऱ्यांना आयुष्यभर समजावून सांगितलं, आता स्वतःला सांगतोय. कडा राहतात, मधलं जातं. माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. अजून दोन-तीन महिने मिळतील. तेवढ्या दिवसांत तिला एकदा वळून बघू दे.”

“काका, काम चालू आहे.”

“नसेल होत तर फोटो परत करा. चित्रकार म्हणाला होता, जितके जास्त तितके बरे, म्हणून होते नव्हते ते अकराच्या अकरा पाठवले. घरात तिचा एकही नाही आता.”

ते फोटो आमच्याकडे उरलेच नव्हते. भाडं वाचवायला दोनातली एक खोली सोडली, तेव्हा चित्रकाराचं खोकं रद्दीत गेलं होतं. रद्दीवाल्याच्या हातात ते मीच दिलं होतं, आत न बघता. हे मी त्यांना सांगितलं नाही. नववं कलम वाचून दाखवलं.

“गिऱ्हाईक नाही, देणगीदार नाही. मग मी तुमचा कोण?”

“पाठीराखे, काका.”

“अच्छा. म्हणजे मागे उभं राहायचं,” म्हणाले आणि फोन ठेवला.

मग एका मोठ्या कंपनीने गेम विकत घ्यायची तयारी दाखवली. अट एकच होती, महिनाअखेर एकही तक्रार बाकी नको. भावाने माझ्याकडे पाहिलं. गुरुवारी दुपारी मी चारशे बारा नावांपुढे एकेक करून ‘पोचलं’ अशी नोंद केली. प्रत्येक नोंदीबरोबर आपोआप एक पत्र जात होतं: आपलं बक्षीस पोचलं आहे, चौकात जाऊन भेटा. मला स्वतःची किळस आली, आणि तरीही मी एकही नाव गाळलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी शिव्यांच्या तयारीने मेल उघडले.

‘मिळालं. डोळे अगदी बाबांचे आहेत.’

मला तो टोमणा वाटला. पण दुसरा मेल तसाच होता, तिसराही. दुपारपर्यंत ऐंशी झाले. एका बाईंची तक्रार होती: आईच्या हनुवटीवरचा तीळ डावीकडे हवा, तुम्ही उजवीकडे दिला आहे. एवढं सोडलं तर काम उत्तम.

मी गेम उघडून चौकात गेले. पाठी होत्या. प्रत्येकाभोवती फिरून पाहिलं, तर त्या पाठी माझ्याबरोबर फिरत होत्या. भावाला बोलावलं.

“पाठीच आहेत,” तो म्हणाला. “आपण पाठीच केल्या होत्या.”

“मग हे लोक काय बघतायत?”

“खूश आहेत ना? मग तू कशाला उकरून काढतेस?” पण तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत उभा होता.

संध्याकाळी काकांचा मेल आला. त्यात एकच शब्द होता: ‘दिसली.’

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. खोलीत भिंतीवर दुकानातला अक्षरांचा तक्ता होता, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. काका माझ्या कानाकडे बघत बोलत होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि बोटांनी बटणं मोजत गेम चालू केला.

चौक आला. कारंज्यापाशी निळ्या स्वेटरमधली एक बाई होती, केस मानेवर बांधलेले. पाठमोरी.

“बघा,” काका म्हणाले.

मला राहवेना. “काका, हा चेहरा आम्ही केलेलाच नाही. कुणाचाच केला नाही. आणि तुमचे फोटो मी रद्दीत दिले. माझ्या हाताने.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तुम्ही बसला आहात तिथे मला नुसता डाग दिसतो, मॅडम,” ते म्हणाले. “हिच्या पापण्यासुद्धा दिसतात.” मग ते स्क्रीनच्या जवळ वाकले. “आत्ता मात्र हसत नाहीये.”

“कोण?”

“तुमच्याकडे बघतेय. सगळेच बघतायत.”

स्क्रीनवर काहीही हललं नव्हतं.

मी उठले. ते मागे वळले नाहीत. “फोटोंचं राहू द्या आता,” म्हणाले. “जाताना दार तेवढं ओढून घ्या.”

बसथांब्यावर रांग होती. रांगेत पुढच्याची पाठ दिसणारच. बसमध्ये मी सगळ्यात मागे बसले होते, तिथूनही तेच दिसणार. मी स्वतःला हे समजावत होते.

लाँड्रीत इस्त्रीवाली बाई भिंतीकडे तोंड करून काम करत होती. एरवी ती रस्त्याकडे तोंड करून उभी असते. मी “काय, आज गर्दी?” म्हटलं. तिने नेहमीसारखं हसून उत्तर दिलं. हसू फक्त ऐकू आलं.

मी जिना चढले.

भाऊ खुर्चीत होता, पाठमोरा.

“मी काकांना सगळं सांगून आले,” मी म्हटलं.

“बरं केलंस.”

“माझ्याकडे बघून बोल.”

तो हलला नाही. मी टेबलाला वळसा घालून त्याच्या समोर गेले.

समोर त्याची मान होती. शर्टाची कॉलर, मागचे कापलेले केस.

मी पुन्हा वळसा घातला. पुन्हा मान.

“ताई,” तो म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी अंधारात यायचा तसा झाला होता. “मी कधीचा तुझ्याकडेच बघतोय. तूच एकदा इकडे तोंड कर ना.”