हात उचलला की

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी कुणाजवळ काढत नाही. काढायला जवळ येऊन बसणारं तरी कोण राहिलंय?

पोलीस खात्यातल्याच माणसांची चौकशी करायची, हे माझं काम. मी कँटीनमध्ये शिरले की टेबलावरच्या गप्पा बंद पडायच्या. मोर्चावरच्या लाठीमारात एक बस कंडक्टर मेला, ती चौकशी माझ्याकडे आली, आणि मग लोक जिन्यातसुद्धा मला टाळायला लागले.

संशय एका हवालदारावर होता. बोलावणी धाडूनही तो येईना, म्हणून एका दुपारी मीच त्याच्या क्वार्टरवर गेले. जबाब घ्यायचा, सही घ्यायची, परत यायचं, काम एवढंच.

दार त्यानेच उघडलं. आत मलमाचा आणि न धुतलेल्या कपड्यांचा कोंदट वास. उजवा हात त्याने बायकोच्या ओढणीने छातीशी घट्ट बांधून टाकला होता.

"हाताला लागलंय?"

"नाही, मॅडम."

"मग?"

"तो वर गेला की... कुणीतरी बोलतं."

बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली होती. आधी मुलीनेच ऐकलं, तो म्हणाला. तो खुंटीला शर्ट अडकवत होता आणि पोरगी म्हणाली, बाबा, ते काका घाबरलेत.

सोंग बरं वठवलंय, मी मनात म्हटलं. ओढणी सोडायला लावली.

"करा हात वर."

तो रडवेला झाला. मग अगदी हळू त्याने हात उचलला. खांद्याच्या वर गेला मात्र, भिंतीजवळून, जमिनीलगत, कुणीतरी हलक्या, अदबीच्या आवाजात बोललं.

"साहेब... थांबा... चष्मा काढू द्या."

खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर नळाखाली बादली भरत होती, तिचाही आवाज मला येईनासा झाला.

हात खाली पडला आणि हवालदाराने भडाभडा सगळं सांगून टाकलं. कंडक्टर पडला होता, तरी तो मारत राहिला. हुकूम कुणाचा होता, तेही सांगितलं. मी लिहून घेतलं, त्याने सही केली. पुढे त्याला शिक्षा झाली, हुकूम देणारे साहेब घरी बसले. माझ्याशी मात्र खात्यातलं कुणी बोलेना.

निकाल सांगायला मी कंडक्टरच्या आईकडे गेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. निघताना मला राहवलं नाही.

"आई, त्यांचा चष्मा परत मिळाला का हो?"

"त्याला कुठला चष्मा, बाई?" ती म्हणाली. "लांबून येणाऱ्या बसची पाटी सगळ्यांच्या आधी वाचायचा तो."

मी हवालदाराला तुरुंगात जाऊन भेटले. तो शपथेवर सांगतो, त्या दिवशी मी एकालाच मारलं. दवाखाने पालथे घातले, शवागारात विचारलं. चष्मेवाला कुणी जखमी नाही, कुणी बेपत्ता झाल्याची तक्रार नाही. म्हणजे त्या माणसाला कुणी शोधतच नाहीये.

ते क्वार्टर अजून रिकामंच आहे. चावी मी मागून घेतली. सुट्टीच्या दुपारी जाते, हात वर करते, आणि तो बोलला की विचारते, "नाव काय तुमचं? घरी कोण असतं?" पण हात उचलल्याशिवाय तो बोलत नाही, आणि उचलला की तेवढंच विनवत राहतो.

गेल्या खेपेला मला ते सोसवेना. भिंतीसमोर जमिनीवर बसले, हात मांडीवर ठेवले.

"आज नाही उचलत," मी म्हटलं. "नुसते बसू या."

ऊन खिडकीतून सरकत भिंतीपर्यंत गेलं. मग तिथूनच, जमिनीलगत, बारीकसा आवाज आला. टक्... आणि थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

कुणीतरी चष्मा उतरवून त्याच्या काड्या मिटत होतं.