करवत डावीकडेच का पळते?

चैतालीच्या भावाचं बारसं पाच दिवसांवर आलं होतं आणि पाळण्याच्या फळ्या मात्र एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पापडासारख्या पातळ निघत होत्या. करवत दर वेळी डावीकडेच पळायची.

परसातला फणस गेल्या वर्षीच्या वादळात पडला, तो आतून पोकळ निघाला. कामाचे लहान ओंडके मिळाले तीन. दोन वाया गेले. उरला एक, आणि पाळण्याच्या चारही बाजू आता त्यातूनच निघायला हव्या होत्या.

आजोबांनी, म्हणजे डॉक्टर वामन केळुसकरांनी, चाळीस वर्षं उपग्रह बनवलेले. एक करवत आपल्याला जुमानत नाही, हे त्यांच्या पचनी पडेना. ही करवत म्हणजे बँडसॉ (दोन चाकांवर फिरणारं पट्ट्यासारखं पातं) आणि ती चालवणारा रंधू, गावच्या सुतारशाळेचा यंत्रमानव. आजोबांनी त्याला पातं अधिक ताणायला लावलं, कारण सैल पातं वाकतं. मग ओंडका सावकाश सरकवायला लावला, कारण घाई केली की दातांमधला भुसा बाहेर पडत नाही. फरक शून्य. शेवटी लाकूडच वाईट, असा निकाल देऊन ते मोकळे झाले.

चैतालीला काही ते पटेना. दोष लाकडाचा असेल तर दुसऱ्या लाकडात करवत सरळ जायला हवी, असं तिचं म्हणणं. तिने रंधूला आंब्याचा टाकाऊ तुकडा दिला. करवत तिथेही डावीकडेच गेली. म्हणजे दोष पात्याचा होता.

रंधूने यंत्र बंद केलं, पातं उतरवलं आणि भिंगाखाली धरलं. करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. दोन्हीकडे सारखी धार असेल तर पातं मधोमध चालतं. इथे उजवे दात बोथट झाले होते. रस्सीखेचीत एका बाजूची मुलं दमली की दोर दुसऱ्या बाजूला जातो, तसं पातं धारदार बाजूला ओढलं जात होतं.

पण दात बोथट झाले कशाने? पहिल्या ओंडक्यात कर्र असा आवाज झाला होता, असं रंधूने सांगितलं. तेव्हाही त्याने सांगितलं होतं, पण गाठ असेल म्हणून आजोबांनी त्याला उडवून लावलं होतं. वाया गेलेल्या फळ्या चाळल्यावर एकीत खिळा सापडला, एका बाजूने घासलेला. भोवती काळा डाग होता.

आजोबांचा चेहरा उतरला.

"मीच ठोकलाय तो," ते म्हणाले. "तुझ्याएवढा होतो. आपला फणस धरत नव्हता, एक फळ नाही; शेजारच्यांच्या फणसाचंही तेच. खिळे ठोकले की झाड धरतं, असं सगळे म्हणायचे. दोन ठोकले. आणि पुढच्या वर्षी धरला की गं!"

"शेजारच्या फणसाला ठोकले होते?" चैतालीने विचारलं.

"नाही."

"मग तो कधी धरला?"

आजोबांनी घासलेला खिळा बोटांत फिरवला.

"त्याच वर्षी," ते म्हणाले.

दुसरा खिळा उरलेल्या ओंडक्यात होता. रंधूने धातुशोधकाने (लोखंड जवळ आलं की वाजणारं यंत्र) तो हुडकला आणि भोवतीचं लाकूड कोरून उपटून काढला. नवं पातं आधी आंब्याच्या तुकड्यावर तपासायचं, असा हट्ट या वेळी आजोबांनीच धरला. मग चारही फळ्या सरळ निघाल्या.

एका फळीवर खिळ्याचा काळा डाग राहिला होता. रंधू तो रंध्याने घालवणार होता, पण आजोबांनी त्याचा हात धरला. बाळ मोठं झालं की डाग कसला म्हणून विचारणारच. तेव्हा त्याला एका नव्हे, दोन्ही फणसांची गोष्ट सांगायची, हे त्यांनी चैतालीकडून कबूल करून घेतलं.