समोरून आलेली पावलं

तो येण्याआधी त्याची पावलं आली.

टप्... घस्स. टप्... घस्स. एक पाय पडतोय, दुसरा ओढला जातोय. मी उठून लॅबचं दार उघडलं — कॉरिडॉर रिकामा! नुसतं दुपारचं ऊन. मी फिजिओथेरपिस्ट. माणूस तोंडावरून विसरेन, चालीवरून विसरणार नाही. त्यामुळे कान वाजले असं मानायला मी काही तयार नव्हते. दोन मिनिटांनी लिफ्ट उघडली आणि तीच चाल घेऊन एक उंच, सावळा तरुण बाहेर आला. हातात झेंडूची पिशवी.

"मॅडम, घाबरल्या का? भूत नाय मी. ज्ञानेश. मखमलाबादला फुलांचा मळा हाय आमचा."

"भुतं अपॉइंटमेंट घेत नाहीत," मी म्हटलं. पण अंगावर आलेला काटा काही केल्या जाईना.

गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये सहा मीटरची एक चटई आहे. तिच्यावरून चाललं की प्रत्येक पावलाचा दाब स्क्रीनवर उमटतो. टाच कधी टेकली, अंगठ्यानं जमीन कधी सोडली, सगळं. ज्ञानेशचा डावा पाय जमीन सोडतच नव्हता, मागे रेघ ओढत यायचा. एक्स-रे स्वच्छ, नस ठणठणीत. कंबर मात्र धरायला लागलेली.

"असंच वर्षभर चाललात तर खुबा जाईल. मग फुलांचे क्रेट उचलायला दुसरा माणूस बघा."

"मग करा की सरळ."

"तुम्हीच करू देत नाही आहात."

तो एकदम खाली बघायला लागला.

तीन आठवडे तो येत राहिला. दर वेळी दोन मिनिटं आधी ती पावलं यायची. मी दार उघडणं सोडून दिलं. भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर वाटही बघायचे.

"आज शेवंती? कुणाला?" त्याच्या पिशवीकडे बघत मी एकदा विचारलं.

"तुमच्या चटईला वाहायला."

"आणि मला?"

"तुम्हाला... पुढच्या वेळी." मग हळूच, "मॅडम, चालणं म्हणजे नेमकं काय हो?"

"दर पावलाला पुढे पडायचं, आणि दर पावलाला सावरायचं."

"मग मी पडलोय," तो म्हणाला. "पण सावरायचं मनात नाय."

इतकं सरळ बघितलं त्यानं, की मीच स्क्रीनकडे वळले. कान तापले होते माझे! आणि त्याच दिवशी, बुटाची लेस बांधता बांधता, त्यानं खरं काय ते सांगितलं.

त्याचे वडील, खंडेराव, गेल्या दिवाळीत गेले. तरुणपणी पायावरून बैलगाडी गेलेली. जन्मभर पाय ओढत चालले. ते गेल्यावर आईनं अन्न सोडलं. एका संध्याकाळी ज्ञानेशच्या पायात काटा मोडला. तो पाय ओढत अंगणात आला, तर आतून आईचा आवाज — "आलात? चहा टाकते." त्या रात्री ती जेवली. दुसऱ्या दिवशी काटा निघाला होता, पण तो तसाच चालत आला.

"पहिले चार दिस मुद्दाम. मग सुटंना. आता सोडलं, तर तिचं काय हो?"

मी त्याचं अंगण बघायचं ठरवलं.

दिवेलागणीला पोचलो. चाल कळत नसेल तर ती आपल्या अंगावर घालून बघायची, ही आमच्या धंद्यातली रीत. फाटकापासून ओट्यापर्यंत मी त्याच्यासारखी चालले. टप्... घस्स. कुठे ताण येतो एवढंच बघायचं होतं. बाकी काही डोक्यातच नव्हतं माझ्या.

"आलात? पाय धुवा, चहा टाकते."

ओढलेला पाय तसाच ठेवून मी ओट्याशी उभी राहिले. ज्ञानेशची आई, यशोदाबाई, कप घेऊन दारात आल्या आणि मला बघून थांबल्या. ज्ञानेशचा चेहरा पांढराफटक.

"आई... माझंच चुकलं. मी रोज..."

"मला येडी समजतो व्हय रे?" त्या शांतपणे ओट्यावर बसल्या. "रोज सकाळी अंगण कोण झाडतं? तुझी रेघ डाव्या पायाची. त्यांचा पाय उजवा व्हता."

"मग... चहा?"

"तुला वाटायचं आईला बरं वाटतं. म्हणून टाकायची. तुझ्यासाठीच की रे."

त्यांनी हातातला कप ज्ञानेशपुढे धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कधी कधी उजव्या पायाची रेघबी असती," त्या अंगणाकडे बघत म्हणाल्या. "तेवढी मी झाडत नाय."

मी ज्ञानेशला विचारलं, "लहानपणी चालायला कुणी शिकवलं?"

"वडलांनीच. समोर उभं राहून, बोटं धरून, मागं मागं जात."

समोरच्याचा उजवा तो आपला डावा. आरशात बघून शिकावं तसं त्यानं ते लंगडणं उचललं होतं.

सोमवारी तो आला, तेव्हा पावलं आधी आली नाहीत. तो चटईवर उभा राहिला. डावा पाय थरथरला... आणि उचलला गेला! टाच, अंगठा. टाच, अंगठा. मी आनंदानं स्क्रीनकडे पाहिलं.

त्याच्या पावलांसमोर आणखी एक जोडी उमटत होती. फिकट. बोटं त्याच्याकडे, टाचा मागे. उजव्या पायाची रेघ ओढत कुणीतरी मागं मागं सरकत होतं. चटईच्या मध्यावर ती पावलं संपली.

तिथंच ज्ञानेश थांबला.

"कुणीतरी बोटं सोडल्यासारखं वाटलं," तो पुटपुटला. "शुभांगी..." पहिल्यांदाच नावानं. "आता पडलो तर?"

मला भीती वाटत होती, खूप. तरी मी चटईच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केले.

"सावरायला मी आहे. ये... तू ये."

तो आला. खिशातून अबोलीचा चुरगळलेला गजरा काढून त्यानं माझ्या ओंजळीत ठेवला आणि ओंजळ आपल्या हातांत धरली. तेवढ्यात बाहेर कॉरिडॉरमध्ये आवाज झाला. टप्... घस्स. टप्... घस्स. जिन्याकडे, लांब लांब जाणारा.

मी दार उघडायला गेले नाही. माझे दोन्ही हात त्याच्या हातांत होते.