कोरडं तळघर

आरोहीला शाळेच्या बसमध्ये बसवलं की ज्योत्स्ना पोछा आणि बादली घेऊन तळघरात उतरायची. तीन वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशीही खाडा नाही. सातपूरच्या कंपनीपासून जवळ म्हणून तिच्या नवऱ्याने, रविराजने हे रो-हाउस घेतलं, आणि तळघर पाहून तर गडी हरखूनच गेला होता. एक खोली जास्तीची मिळाली, म्हणे! तो शिफ्टला निघून जायचा. ती जास्तीची खोली निस्तरायला ज्योत्स्ना होती.

पावसाळ्यातली ओल आपण समजू शकतो हो. इथे मे महिन्याच्या उन्हातसुद्धा भिंतींचे पोपडे सुटायचे आणि फरशीला तळवे चिकटायचे. तिने परातींतून कळीचा चुना ठेवला, कोळसा ठेवला, दिवसभर पंखा लावला. वॉटरप्रूफिंगवाले दोनदा येऊन गेले. ओलीचा कुबट वास काही हटेना. तो जिन्याने वर चढून आरोहीच्या खोलीत शिरायचा, आणि मग त्या सात वर्षांच्या पोरीची छाती शिट्टी वाजवायला लागायची. मग पंप, मग नेब्युलायझर, मग उशाशी बसून जागरण. डॉक्टर दर वेळी एकच सांगत, "आधी घरातली ओल घालवा." जसं काही ज्योत्स्नानेच ती लाडाने पाळली होती!

दसऱ्याच्या सुमारास कुणीतरी यादवमामांचं नाव सुचवलं. निफाडकडचे, साठी उलटलेले गवंडी. मामांनी प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवला.

"उद्या बघू, ताई. पाणी प्लॅस्टिकच्या मागं आलं तर भिंत पाझरती. पुढून आलं तर हवेतली वाफ हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्लॅस्टिकच्या मागे पूर्ण कोरडं होतं. पुढून मात्र थेंब ओघळत होते.

"हितं सैपाक करता का कोनी? कपडे वाळत घालता?"

"नाही हो मामा. इथे कुणीच नसतं."

जिन्याखाली आधीच्या मालकाचं एक जड कपाट होतं, ते मामांनी जोर लावून ओढलं. मागे फरशीतून वीतभर लोखंडी पाइप वर आला होता, तोंड उघडं. त्यांनी त्यावर तळहात धरला आणि झटकन मागे घेतला.

"तुमी बघा..."

ज्योत्स्नाने हात धरला. कोमट, ओलसर हवा तळहाताला लागली. थांबली. मग आत ओढली गेली. पुन्हा आली...

"विहीर हाय खाली," मामा हळू आवाजात म्हणाले. "पूर्वी इकडं समदी शेतंच होती. विहीर बुजवायची तर तिला श्वास घ्यायला नळी ठिवावी लागती. माझा बाप विहिरी खणायचा, त्यानं शिकवलं. ही बंद करायची नाय. पाइप वाढवून गच्चीवर नेऊ, भायेर सोडू. वास बी जाईल."

"मग आजच करा ना, मामा."

"द्राक्षाची छाटणी चालू हाय घरी. आठ दिवसांत येतो. तवर हात लावू नका."

आठ दिवस! चौथ्याच दिवशी आरोहीचा श्वास असा अडकला की ओठ निळे पडले. दोन दिवस दवाखान्यात काढून ज्योत्स्ना लेकीला घेऊन घरी आली ती पाय ओढत. दार उघडलं आणि तोच वास समोर. माणूस थकला की त्याला शहाणपण सुचत नाही, नुसती सुटका हवी असते.

"मरू दे ती विहीर आणि तिचा श्वास!" ती मोठ्याने म्हणाली. "इथे माझ्या लेकीला श्वास मिळेना झालाय."

वॉटरप्रूफिंगवाल्यांचं उरलेलं सिमेंट तिने घमेल्यात कालवलं, पाइपात चिंध्या कोंबल्या, वरून थापून टाकलं आणि कपाट परत जागेवर ढकललं. मग तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडली.

आणि काय सांगू, दिवाळीपर्यंत तळघर खडखडीत कोरडं! वास गेला. आरोहीच्या छातीतली शिट्टी थांबली, नेब्युलायझर माळ्यावर गेला. डॉक्टर म्हणाले, छाती एकदम साफ आहे. "मी म्हणत नव्हतो, तळघर चांगलंय म्हणून?" रविराजने विचारलं, तेव्हा तिने त्याला कोपरापासून हात जोडले. मामांना फोनवर तिने काम झाल्याचं कळवलं. कसं झालं ते सांगितलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती पोटभर झोपत होती.

जानेवारीत थंडीची लाट आली. सकाळी सातला पोरं फाटकासमोर बसची वाट बघत उभी होती, तोंडातून वाफा सोडत.

"बघा, माझा धूर!" शेजारची संजना ओरडली.

"आता माझा," म्हणत आरोहीने गाल फुगवले आणि जोरात फुंकलं.

काहीच नाही.

"अगं, नीट फुंक," ज्योत्स्ना हसून म्हणाली. तिच्या स्वतःच्या तोंडातून वाफ निघत होती. आरोहीने पुन्हा फुंकलं, पुन्हा फुंकलं. ज्योत्स्नाचं हसू विरलं. तिने वाकून लेकीच्या नाकाखाली बोट धरलं. स्वेटरखाली छाती वरखाली होत होती. बोटाला मात्र काहीच लागत नव्हतं.

"काय करतेस, आई? गुदगुल्या होतात ना."

"इथेच थांब... आलेच मी..."

छिन्नी-हातोडा घेऊन ती धडपडत तळघरात उतरली. कपाट कसं ओढलं तिचं तिला कळलं नाही. सिमेंटवर छिन्नी टेकवली, हातोडा उचलला.

आतून कुणीतरी खोकलं.

बारीक, कोरडा खोकला. मग ती शिट्टी... मग धाप. तीन वर्षं उशाशी बसून ऐकलेला तो खोकला तिने हजारांत ओळखला असता.

बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"आई, मी जाते गं!" फाटकातून आरोही ओरडली, ठणठणीत आवाजात.

आणि सिमेंटखालून, धापा टाकत, तोच आवाज म्हणाला, "आई... माझा पंप कुठंय..."