मागचं टोक

टॉर्च माझ्या तोंडावर मारू नका, आधीच सांगतो. होडी जीपवर चढवून झाली ना? पट्टे ओढून पाहिलेत? मग बसा आता गप. सकाळी सहाला निघायचं म्हणता आणि दहा वाजून गेले तरी एकाच्याही डोळ्याला डोळा नाही. वर पुन्हा "मिस्त्रीकाका, भुताची सांगा." भुताची मला येत नाही बाबांनो. गाड्यांच्या खाली आडवं पडण्यात जन्म गेला माझा. ओळखीतल्या एका माणसाच्या बाबतीत झालं ते सांगतो. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

त्याला सगळे कप्तान म्हणायचे. समुद्र बघितलेला फक्त कॅलेंडरवर, पण नाव कप्तान. धरणाच्या पाण्यावर तो लोकांना तंबूत राहायला न्यायचा, होडीतून फिरवायचा. भांडवल म्हणाल तर चारही चाकं ओढणारी एक छोटी जीप आणि तिच्या टपावर बांधायची चौदा फुटी कनू. तुमची आहे ना, तशीच, दोन्हीकडे निमुळती, वल्ह्यानं हाकायची होडी. जीप एवढीशी. रस्त्यानं निघाली की वाटायचं, होडीच चाललीय आणि जीप खाली लोंबकळतेय. टपावरचं कॅरिअर मीच वेल्ड करून दिलं होतं, तेव्हा हसायचा पहिला मान माझा.

धंद्यात त्याच्या जोडीला बायकोचा धाकटा भाऊ होता. अंगानं आडवा, तोंडानं गोड. कप्तानाला "दाजी, दाजी" करत मागे असायचा. मागे म्हणजे खरोखरच मागे. कारण पाण्यापर्यंतचा शेवटचा तुकडा जीप जात नसे. मग होडी उलटी करून दोघांनी खांद्यावर घ्यायची. एक पुढे, एक मागे, दोघांची डोकी होडीच्या आत. पुढच्याला पायापुढची वाट दिसते, पण मागचा माणूस दिसत नाही. तो ठेचकाळला, दमला, कळणार कसं? पुढच्यानं मनानंच होडी खाली ठेवली तर मागच्याची मान मोडायची. म्हणून त्यांचा नियम होता, पुढच्यानं चालायचं, मागच्यानं बोलायचं. तो "उचला" म्हणाला की उचलायची, "ठेवा" म्हणाला की ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी असंच होडी घेऊन चालले होते. काठावर गिऱ्हाइकं ताटकळलेली. मेहुणा मागून म्हणाला, "दाजी, ठेवा." कप्तान म्हणाला, "अरे, हे काय आलंच. थोडंच राहिलंय." मेहुणा दुसऱ्यांदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला. याचं आपलं तेच, थोडंच राहिलंय. पन्नास पावलं गेल्यावर मागचं टोक धाडकन खाली आलं. कप्तान ओरडला, "काय रे, झोपलास काय?" आणि वळून बघतो तर मेहुणा पालथा पडलेला. हृदय बंद पडलं होतं.

"चालता चालता कोसळला," एवढंच त्यानं घरी सांगितलं. ती तीन वेळची हाक बायकोला सांगितली नाही, लेकीलाही नाही. मला सांगितली, एकदाच, मी त्याच्या जीपखाली पडलेला असताना. माझं तोंड समोर नव्हतं म्हणून सांगू शकला असेल.

तर आता ती रात्र. अठरा सप्टेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी पाच जणांची टोळी यायची होती. कप्तानाची लेक दुपारीच रबरी होडीतून तंबू घेऊन पाण्यातल्या बेटावर गेली होती. तेवीस वर्षांची पोर, मामा गेल्यापासून धंद्यात तीच बापाचा उजवा हात. कप्तानानं संध्याकाळी कनू घेऊन काठावर पोचायचं आणि जीपमध्येच झोपायचं, एवढं साधं काम. सव्वासातला तो माझ्या गॅरेजात आला, कॅरिअरचा एक नट आवळून घेतला, माझाच चहा प्यायला आणि साखर कमी आहे म्हणून मलाच बोलला. साडेसातला निघाला.

आठ वाजून दहा मिनिटांनी लेकीचा फोन आला.

"बाबा, पाणी चढतंय."

वर डोंगरात पाऊस झाला होता आणि धरणाची दारं बंद होती. बेट कसलं, पाण्यातलं टेंगूळ ते. रबरी होडी खुंट्यासकट वाहून गेली होती, लाइफ जॅकेटं तिच्यातच. ती धरायला धावताना पोरीचा पाय मुरगळला होता.

"तंबूपर्यंत आलंय बाबा. पोहून यायचं तर खाली बुडालेली झाडं आहेत, अंधार आहे, पाय टेकत नाहीये. फोन पण आता..."

"मी आलो. तू उंचावर जा. टॉर्च चालू-बंद करत राहा, मला दिसेल असा. आलोच मी."

फोन बंद पडला. त्यानं बचाव पथकाला फोन लावला. ते म्हणाले, निघतो, पण बोट घेऊन यायला दोन-अडीच तास लागतील. दोन-अडीच तास! त्यानं ॲक्सिलरेटर असा दाबला की अकरा किलोमीटरची ती खडकाळ वाट पंचवीस मिनिटांत कापली. त्या एवढ्याशा जीपनं जीव तोडून साथ दिली हो. पण शेवटी एका वळणावर ओढ्यानं वाट खाल्ली होती. पुढची दोन्ही चाकं चिखलात गेली ती एक्सेलपर्यंत. पुढे नाही, मागे नाही.

तिथून पाणी अर्धा किलोमीटर.

नऊ वाजायला वीस मिनिटं होती. त्यानं पट्टे सोडले. होडी टपावरून एकट्यानं उतरवताना ती त्याच्या अंगावरच आली, डावा खांदा सोलून निघाला. एकोणसाठ वर्षांचा माणूस तो. उचलायला गेला, जमेना. पुन्हा गेला, गुडघ्यावर आला. ओढायला लागला तर खालून खडक करकरले. पातळ फायबरची होडी, बूड फाटलं की संपलं सगळं. वीस-पंचवीस पावलं ओढली आणि थांबला.

लांब, काळ्या पाण्यात टॉर्च दिसत होता. लागत होता, विझत होता. पोर सांगितल्याप्रमाणे करत होती.

कप्तान तिथेच बसला आणि हमसून हमसून रडला. मग ओरडला. "कुणी आहे का? अहो, कुणी तरी या! माझी पोर आहे तिकडे!" त्या वाटेवर त्या वेळी कोण असणार? गळा बसेपर्यंत ओरडला. मग उठला. होडी उलटी केली, पुढच्या टोकाखाली डोकं घातलं आणि खांदा लावला. म्हटलं, पुढचं टोक आपल्या खांद्यावर, मागचं घासलं तर घासू दे. फाटली तर फाटली, पण बसून राहायचं नाही.

उठला. एक पाऊल टाकलं. मागचं टोक दगडावर घासलं. दुसरं पाऊल टाकलं. घासलं.

तिसऱ्या पावलाला घासलं नाही.

होडी सरळ झाली होती. वजन निम्म्यावर आलं होतं.

त्याला आधी रडूच फुटलं. "देवासारखे धावून आलात हो! कोण तुम्ही?" उत्तर नाही. वाटलं, दम लागला असेल बिचाऱ्याला. "पाण्यापर्यंत चला फक्त. पोर अडकलीय माझी." उत्तर नाही. पण पावलं वाजत होती. याचं पाऊल पडलं की पाठोपाठ मागचं. तालात. सवय असलेला माणूस होता. नवख्याला ते जमत नाही, तो होडी हेलकावतो. ही हलत नव्हती.

शंभर पावलं झाली. दोनशे झाली.

आणि होडीच्या आत आवाज कसा येतो तुम्हाला माहीत आहे. बंद डब्यात बोलल्यासारखा, थेट कानाशी. मागच्या माणसाचा श्वास त्याला ऐकू यायला लागला. जड. शेवटाला बारीक शिट्टी वाजणारा.

तो श्वास त्याच्या ओळखीचा होता. अकरा वर्षं त्यानं तो ऐकला होता.

कप्तान चालत राहिला. मागे बघता येत नव्हतं. बघायचंही नव्हतं. घाम फुटला होता. डावा हात जड झाला होता. खांदा सोललाय म्हणून असेल... छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं होत होतं. भीतीनं असेल... समोर टॉर्च लागला. विझला. पुन्हा लागला, पण पिवळट.

"दाजी, ठेवा."

पाय जागच्या जागी थांबले.

त्याच्या तोंडात ते शब्द आलेच होते बघा. अरे, थोडंच राहिलंय. अगदी ओठांवर आले. या वेळी तर खरंच दीड-दोनशे पावलं राहिली होती, आणि समोर पोटची पोर होती.

"तुझी भाची आहे रे तिकडे..."

काहीच नाही. फक्त श्वास.

"तिचं काय चुकलं? माझं चुकलं. मला काय ती शिक्षा कर. तिला आणतो आणि इथेच येऊन उभा राहतो. तुझी शपथ."

"दाजी, ठेवा."

टॉर्च विझला. त्यानं वाट पाहिली. पुन्हा लागला नाही.

काय करायचं सांगा. ठेवावी तर पोर जाते. चालावं तर... हाच माणूस, हीच वाट, हाच शब्द. त्या दिवशी ऐकलं नव्हतं.

कप्तानानं होडी ठेवली.

गुडघ्यावर बसला, टोक चिखलावर टेकवलं, डोकं बाहेर काढलं आणि तिथेच भुईवर आडवा झाला. डोळे मिटलेले. मागे बघितलं नाही. "चुकलो रे," म्हणाला. "तीन वेळा म्हणालास. मी ऐकलं होतं. ऐकू आलं नाही असं नाही. ऐकलं होतं मी." दोन वर्षं गिळलेलं सगळं बाहेर आलं. मागून शब्द नाही. श्वास तेवढा... हळूहळू शांत होत गेलेला. याच्याही छातीवरचा गुडघा सैल होत गेला. किती वेळ गेला त्याला सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, दहा असतील. पाणी चढत होतं, आणि तो पडून होता. एका बापाला ती दहा मिनिटं कशी गेली असतील ते मी नाही सांगू शकत.

मग...

"उचला."

उचलली. पिसासारखी हलकी. पाण्याच्या कडेला आल्यावर टोक पाण्याला लागलं आणि एकदम सगळं वजन त्याच्या एकट्यावर आलं. होडी पाण्यात पडली. त्यानं वळून पाहिलं.

वाट रिकामी होती.

होडी सुलटी केली, आत बांधलेलं वल्हं सोडलं आणि तो वल्हवत सुटला. बेट दिसत नव्हतं, बुडालं होतं. हाका मारत गेला. उत्तर आलं ते दातांवर दात आपटणारं. पोर बेटावरच्या एकुलत्या एका झाडाला मिठी मारून छातीभर पाण्यात उभी होती. टॉर्च हातातच, विझलेला. तिला ओढून आत घेतलं तेव्हा बापलेकींपैकी कोण जास्त थरथरत होतं कुणास ठाऊक. काठाला लागले आणि बचाव पथकाचे दिवे दिसले. तिथे कप्तान कोसळला.

रात्री दीडला मी इस्पितळात पोचलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाचा झटका होता, चांगला मोठा. मध्ये आडवे पडले म्हणून इथवर आले, तसेच चालत राहिले असते तर त्या होडीखालीच संपले असते. पहाटे कप्तानानं मला जवळ बोलावलं आणि हे सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं तसं. म्हणाला, "मला बसवलं त्यानं." मी मान हलवली. मनात म्हटलं, औषधं चढलीत याला. संकटात माणसाच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं, एकट्यानंच नेली असणार.

सकाळी ट्रॅक्टर घेऊन जीप ओढून काढायला गेलो. वाट दाखवायला म्हणून लेक पायाला पट्टी बांधून हट्टानं आली. बापानं तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की वाटेत दम लागला, होडी ठेवून पडलो. ती लंगडत पुढे गेली आणि पाण्याच्या अलीकडे, जिथे वाटेवर नुसता गाळ पसरतो तिथे थांबली.

"मिस्त्रीकाका, इथे ठेवली होती बघा."

कप्तान आडवा पडलेला ठसा होता. डोकं, खांदे, कोपर. त्याच्या उशाशी होडीच्या पुढच्या टोकाची खोल खोबण, चांगली चार बोटं रुतलेली. पोर त्या खोबणीकडे बघत होती. मग मागे बघायला लागली. मग परत खोबणीकडे.

"काका, टेप आहे?"

मिस्त्री माणूस, टेप खिशात असतोच. मी खोबणीपासून चौदा फूट मोजले. तिथे गाळ होता. दगड नाही, गवत नाही, गाळच. दुधावर साय धरावी तसा वरून सुकून ताणलेला, कप्तानाच्या पावलांची एक रांग सोडली तर कुठे ओरखडासुद्धा नाही. बारा फुटांवर पाहिलं, सोळावर पाहिलं, दोन्ही अंगांना पाहिलं. पोर त्या धंद्यातली, तिला फसवणार कोण? एक टोक चार बोटं रुततं, तर दुसरं टोक कुठेतरी टेकायलाच हवं.

"काका," ती म्हणाली, "बाबा इतका वेळ पडून होते... तेवढा वेळ मागचं टोक होतं कुठे?"

मी टेप गुंडाळून खिशात ठेवला.