पिवळं दप्तर घेऊन आलेला माणूस

वाचनालयाच्या बालविभागात ती एका बुटक्या खुर्चीवर अंग चोरून बसली होती. हातात हत्तीच्या गोष्टीचं पुस्तक होतं, पण आल्यापासून तिने एकही पान उलटलं नव्हतं. बाहेर रिमझिम चालू होती. डोक्यावर भाचीची केशरी टोपी होती – ओळखीची खूण म्हणून.

चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणं हा तिचा रोजचा उद्योग. हेरगिरी तिने बापजन्मात केली नव्हती. पण बहीण आणि मेहुणे नोकरीसाठी परगावी, अकरा वर्षांची भाची तिच्याकडे, आणि त्या भाचीला चित्रांच्या खेळात ऑनलाइन भेटलेली एक मैत्रीण. एकदा टॅबवर त्या मैत्रिणीचा निरोप दिसला, ‘आपलं बोलणं घरी सांगू नकोस हं.’ भाचीला न विचारता ती तिच्या नावाने उत्तरं देऊ लागली. मग समोरून शाळा कुठली, घरी कोण कोण असतं, अशी विचारपूस सुरू झाली आणि तिची खात्री पटली, की ही कुणी मुलगी नव्हे, मोठा माणूस आहे. भेट तिनेच ठरवली. मैत्रीण पिवळं दप्तर घेऊन येणार होती. तिने बहिणीला कळवलं, ग्रंथपालबाईंच्या कानावर घातलं आणि भाचीला शेजाऱ्यांकडे ठेवून ती एकटीच आली.

आणि दारातून पिवळं दप्तर आत आलं... एका उंच, भिजलेल्या माणसाच्या खांद्याला लटकत.

त्याची नजर खुर्च्यांवरून फिरत केशरी टोपीवर थांबली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं होतं, असल्या माणसाला पाहताच किळस येईल. पण हा चेहरा अगदी साधा होता, कुणीही रस्ता विचारावा असा. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

“मुलगी कुठे आहे?” दोघांनी एकदमच विचारलं.

पुढचा गोंधळ तिला आजही नीट सांगता येत नाही. त्याने पहारेकऱ्याला आधीच सावध करून ठेवलं होतं. पहारेकऱ्याने तिची वाट अडवली, बाईंनी त्याचं दप्तर धरलं, आणि पोलिसांना कुणासाठी बोलवायचं यावरून पहारेकरी आणि बाई यांच्यातच जुंपली. शेवटी बाईंनी दोन्ही फोन टेबलावर ठेवायला लावले, तेव्हा उलगडा झाला. तो पोहायला शिकवायचा. पुतणीच्या नव्या मैत्रिणीचा संशय आला म्हणून, वहिनीला सांगून, तोही पुतणीच्या नावाने लिहीत होता. म्हणजे इतके दिवस दोन मोठी माणसं लहान मुली होऊन एकमेकांना पकडायला निघाली होती. ‘घरी सांगू नकोस’ एवढं मात्र पुतणीचंच होतं. काकाने खेळ बंद केला होता ना, म्हणून. बाईंनी त्याच्या घरी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर वहिनी दिसली आणि तिच्यामागून डोकावणारी, दोन वेण्यांची खरीखुरी मुलगी.

“तुम्ही फार भीतिदायक लिहिता,” तो म्हणाला.

“तुम्हीसुद्धा.” तिला हसू आलं, मग रडूही आलं. त्याने रुमाल पुढे केला. तो नखशिखान्त भिजला होता, त्यामुळे रुमालही ओलाच होता.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, “मावशी, तू माझ्या नावाने खोटं बोललीस. ती वाईट माणसं असंच करतात ना?” मग तिने अबोलाच धरला.

मावशीने त्याला फोन केला. तिकडेही तीच गत होती. मग दोघांनी मिळून दोन्ही मुलींची माफी मागितली. चोरून काही वाचणार नाही, काही खटकलं तर मुलींनी सांगायचं, आणि सांगितलं म्हणून टॅब काढून घेतला जाणार नाही, असं ठरलं. भाचीने मान डोलवली, पण बोलणं तुटक ते तुटकच.

आणि तिचं स्वतःचं काय चाललं होतं, ते तिलाच कळेना. फोन वाजला की छातीत धडधडे – भीतीने, की आणखी कशाने? ज्याला पाहून हातपाय गार पडले, त्यालाच आता दुकानाच्या काचेतून शोधायचं? भाचीला सांगायचं अनोळखी माणसांपासून जप, आणि आपण...? ती त्याला आडून आडून प्रश्न विचारी. तो न रागावता उत्तरं देई. वर म्हणे, तलावावर कुणालाही विचारा. तिने खरंच जाऊन विचारलं, आणि मग लाजेने चूर झाली.

एका संध्याकाळी भाची टॅब छातीशी धरून दुकानात आली. खेळातलं कुणीतरी तिच्याकडे फोटो मागत होतं. नाही पाठवलास तर बघ, अशी धमकी होती.

“मी काहीच उत्तर दिलं नाही. तू... रागावणार नाहीस ना?”

मावशीने हातातलं भिंग खाली ठेवलं. “यात तुझी काही चूक नाही गं. सांगितलंस, फार बरं केलंस.” दोघींनी मिळून ते निरोप जपून ठेवले, त्या माणसाला ब्लॉक केलं, खेळवाल्यांकडे तक्रार नोंदवली, बहिणीला आणि पोलिसांना कळवलं. सगळं उरकल्यावर भाचीने कितीतरी दिवसांनी मावशीच्या कमरेला मिठी मारली. मग मैत्रिणीलाही सावध करायला तिने आपणहून फोन लावला.

थोड्याच वेळात, पुतणीकडून कळलं म्हणून, तो धापा टाकत दुकानात हजर. भाची ठीक आहे, दाराबाहेर फोनवर बोलतेय, हे पाहून तपासणीच्या खुर्चीत धपकन बसला. आलोच आहे तर डोळे तपासा, म्हणाला. तिने त्याच्या नाकावर भिंगांची चौकट चढवली. त्याने शेवटची ओळही घडाघडा वाचली.

“डोळे ठणठणीत आहेत तुमचे. मग ही तपासणी कशाला?”

“तुम्ही जवळ याल म्हणून,” तो म्हणाला. “तुम्ही मला आवडता. हे लिहून पाठवलं असतं, तर तुम्ही पुन्हा चौकशीला निघाला असता.”

तिने हातातली भिंगं एकेक करून पेटीत ठेवली. “तुम्हाला पाहिलं की मला भीती वाटते की आनंद होतो, हेच मला कळत नाही.”

“मला दोन्ही होतं,” तो म्हणाला. “घाई नाही.”

चौकट काढायला ती वाकली. तिची बोटं त्याच्या कानामागे जरा जास्तच रेंगाळली. त्याने डोळे मिटून घेतले... आणि तिने हात मागे घेतला नाही.