दारातले बूट

आमच्याकडे चपला-बूट दाराबाहेर काढतात. पुण्यात काढत होतो, इथे हॉलंडात अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये काढतो, उद्या चंद्रावर राहायला गेलो तर तिथेही काढू. यात कुणाच्या पोटात दुखण्यासारखं काय आहे? पण आमच्या शेजाऱ्याच्या दुखलं, आणि त्यापायी माझं अख्खं वर्ष नासलं.

शेजारी म्हणजे मेनेर, म्हणजे श्रीयुत, केस. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक उघडी गॅलरी आहे, तिच्यात आमची दोघांची दारं शेजारी-शेजारी. नाव केस आणि डोक्यावर एकही नाही. आईला फोनवर सांगितलं तर तिला हसू आवरेना. म्हातारा एकटाच राहायचा. पंचाहत्तरी कधीच उलटलेली, अंगात ड्रेसिंग गाऊन, आणि पायात मात्र घोट्याच्या वरपर्यंत नाड्या बांधलेले तपकिरी बूट. जुलैच्या उकाड्यातसुद्धा! घरातसुद्धा!

दर शनिवारी सकाळी माझा गाण्याचा क्लास असायचा. मी इथे आले ती प्रतापची बायको म्हणून, डिपेंडंट व्हिसावर. तो आयटीत. माझी संगीतातली एम.ए. इथे कुणाला काय उपयोगाची? कित्येक वर्षं डबे भरण्यात आणि डच शिकण्यात गेली. मग गॅलरीकडच्या खोलीत सतरंज्या टाकल्या, तानपुरा लावला आणि इथल्या आपल्या लोकांची मुलं शिकवायला घेतली. प्रतापची बायको म्हणून नाही, माझं स्वतःचं म्हणून या देशात पहिल्यांदा काहीतरी उभं राहिलं होतं. कुणी हात लावलेला मला चालला नसता.

आणि या माणसाने सोसायटीकडे तक्रार केली. मुलांचे बूट गॅलरीत पडलेले असतात, ते चालणार नाही. एकदा केली, दोनदा केली, तिसऱ्यांदा सोसायटीच्या बाई म्हणाल्या की आता मे महिन्याच्या सभेत ठरवू, घरात क्लास चालू द्यायचा की नाही. नाही म्हणाले असते तर संपलंच. हॉल भाड्याने घ्यायचा तर फी त्यातच जाते.

एका शनिवारी तर कहर झाला. क्लास सुटला, दार उघडलं, तर बाहेर एकही बूट नाही. सगळे गोळा करून, सुपरमार्केटच्या पिशवीत कोंबून, माझ्याच दाराच्या मुठीला लटकवलेले! मुलं हसत होती. मी नव्हते हसत.

तडक त्याची बेल वाजवली.

"तुम्हाला आवाजाचा त्रास होतो का? तसं स्पष्ट सांगा," मी म्हणाले.

"आवाज छान आहे," तो म्हणाला. डच माणसाच्या मानाने त्याचं इंग्लिश विचित्र होतं, तोंडातल्या तोंडात, ओढून ओढून. "गा हवं तेवढं. बूट आत काढायला लावा."

"का पण?"

"लांबून दिसतात ते."

"कुणाला?"

त्याने दार लावून घेतलं. आता बोला!

प्रताप म्हणाला, "कशाला वाद घालतेस? आत ठेवायला लाव." याचं काय जातंय सांगायला? आमचा पॅसेज केवढा, त्यात सगळ्यांची जॅकेट्स, दप्तरं, सायकलची हेल्मेटं. पाय ठेवायला जागा नाही. शिवाय मीही हट्टाला पेटले होते. माझ्या दारात बूट कुठे काढायचे हे तो म्हातारा ठरवणार होय?

त्यानंतर चिखल सुरू झाला.

एप्रिल होता, पण पावसाचा पत्ता नव्हता. गॅलरीची फरशी कोरडी ठणठणीत, आणि माझ्या दारासमोर तेवढा ओला चिखल. लाल. इथली माती काळी नाहीतर वाळूची. लाल माती मी या देशात पाहिलेली नाही. महाबळेश्वरहून परत आल्यावर गाडीच्या टायरला असते ना, तश्शी. मी पुसून काढली आणि मनातल्या मनात केसच्या नावाने बोटं मोडली.

पुढच्या शनिवारी मुलांच्या सँडल्सच्या शेजारी एक मोठा जोड होता. जुने, काळपट, जाड तळव्याचे बूट, चिंब भिजलेले. वाटलं, कुणाचातरी बाबा आज थांबलेला दिसतो. बाहेर जोड असला की आत माणूस असतो, एवढी साधी गोष्ट आहे. मी आत येऊन पाहिलं. मुलंच होती. बाथरूमही पाहिली. क्लास सुटेपर्यंत जोड गायब, आणि फरशीवर तेवढ्या आकाराचं ओलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी असे चार जोड होते. रांगेत, टाचा भिंतीला लावून, अगदी शिस्तीत. वास येत होता, पालापाचोळा कुजल्यासारखा.

माझं डोकंच फिरलं. मुलांना म्हटलं अलंकार म्हणत बसा, आणि त्यातला एक बूट उचलून केसच्या दारावर धडका दिल्या.

"हे तुमचेच उद्योग ना?" बूट त्याच्या नाकासमोर धरला. "शोभतं का या वयात?"

त्याने बुटाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. भिंतीला हात लावून तो हळूच आतल्या खुर्चीत बसला.

"तो बाहेर ठेव," म्हणाला. "आणि दार लाव."

माझा राग तिथेच विरला असं नाही. पण म्हातारं माणूस होतं. मी पाणी दिलं आणि बसले.

केस जन्माने इथलेच. लहानपणी आईवडलांबरोबर बोटीने ऑस्ट्रेलियाला गेले. विशीत आले तेव्हा तिथल्या सरकारने लॉटरी काढली होती: पिंपात लाकडी गोट्या, प्रत्येक गोटीवर एक तारीख. ज्याची जन्मतारीख निघेल तो सैन्यात.

"तोवर मला आयुष्यात काही लागलं नव्हतं," ते म्हणाले.

तिथून व्हिएतनाम. जंगलात आठवडेच्या आठवडे चालायचं, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. साबण लावायचा नाही, वास लांबवर शत्रूपर्यंत जातो. सगळं हातांनी सांगायचं. तळहात वर केला की थांबा. खाली दाबला की बसा.

"तू मुलांना करतेस तसंच," ते म्हणाले. "मी खिडकीतून बघतो."

आणि बूट काढायचे नाहीत. झोपतानाही नाही. पाय सडायचे, मोज्याबरोबर कातडी यायची. चार पोरं यांच्या हाताखाली होती. एका दुपारी जरा कोरडी जागा सापडली, पोरांनी खुणेनंच विनवलं, आणि यांनी मान डोलावली. काढा. इथे भीती नाही. पोरांनी बूट काढून रांगेत लावून ठेवले, आईने शिकवल्यासारखे.

"मी माझे काढले नव्हते," केस म्हणाले.

त्यांनी वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या आवळल्या. त्या चौघांतलं कुणी परत आलं नव्हतं.

"परत आलो तर आमचं विमान अंधारात उतरवलं," ते म्हणाले. "गणवेश घालून बाहेर फिरू नका म्हणाले. जुन्या सैनिकांच्या क्लबात गेलो, तर तिथले म्हातारे म्हणाले, ते कसलं युद्ध! बहीण युद्धाविरुद्धच्या मोर्चात होती. ती माझ्या पंक्तीला जेवायला बसेना. याही बाजूने मी चूक, त्याही बाजूने मीच. मग इथे निघून आलो. इथे त्या युद्धाबद्दल कुणाचं काही मतच नव्हतं. फार बरं वाटलं."

वाईट वाटलं मला. खरंच वाटलं. पण शेवटी मी पुण्याची.

"युद्ध तुमचं, माणसं तुमची," मी म्हणाले, "मग चिखल माझ्या दारात का?"

"तुझ्या दारात बूट काढतात. आणि तू हात करतेस."

मग त्यांनी सौदा केला. ते तक्रार मागे घेतील, सभेत माझ्या बाजूने बोलतील. मी फक्त बूट आत ठेवायला लावायचे. "आणि दारात उभी राहून कुणाला आत बोलावू नकोस," म्हणाले. "ते हुकुमाशिवाय हलत नाहीत."

प्रतापला सांगितलं तर म्हणाला, "वयामुळे होतं असं. बिचारे." मलाही तेच वाटलं, म्हणजे वाटून घेतलं. सभा झाली. केस बूट करकर वाजवत गेले आणि माझ्यासाठी बोलले. एकमताने मंजूर! त्या संध्याकाळी मी शिरा केला आणि वाटीभर त्यांना नेऊन दिला.

नंतरचा शनिवार. नवीन नियम, बूट आत. पॅसेजमध्ये नुसती चेंगराचेंगरी. एकाचं दप्तर दुसरीच्या डोक्यात, सारंग हेल्मेटला अडखळून पडला आणि भोकाड पसरलं, दार लागेना. बाहेर अजून चौघंजणं ताटकळत होती. मी दारात जाऊन उभी राहिले, आणि वर्षानुवर्षं जे तोंडात बसलंय तेच बाहेर पडलं.

"अरे काय हा गोंधळ! बूट बाहेर काढा आणि आत या बघू सगळे!"

मुलं आत आली. मी दार लावलं.

सतरंजीवर सगळी भिंतीला चिकटून बसली होती, एकमेकांच्या मांडीवर चढल्यासारखी. खिडकीकडची अर्धी सतरंजी मोकळी.

"तिकडे सरका ना. एवढी जागा आहे."

"इट्स वेट, ताई," सलोनी म्हणाली.

मी हात लावून पाहिला. सतरंजी ओली होती.

मुलांसमोर घाबरायची सोय नसते. तानपुरा लावला. सा घेतला. मुलांनी सा धरला, छान लागला, आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी लागलं. खर्जातलं. मोठ्या माणसांच्या छातीतून येतं तसं.

मी तळहात वर केला.

मुलं थांबली. खालचा आवाज किंचित उशिरा थांबला.

मी काही ठरवून केलं नाही. दम लागला होता, हात आपोआप खाली आला, तळहात जमिनीकडे. खिडकीपाशी लाकडी फरशी करकरली. तिथे एकही मूल नव्हतं.

बेल वाजली. दारात केस उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, खाली बघत होते. मुलांच्या बुटांपलीकडे चार जोड, रांगेत.

"बोलावलंस," ते म्हणाले.

मला रडूच फुटलं. "चुकून! सवयीने गेलं हो तोंडातून!"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग भिंतीला धरून खाली वाकले आणि नाड्या सोडायला लागले. खूप वेळ लागला. दोन्ही बूट रांगेच्या टोकाला ठेवले, आत आले, आणि खिडकीपाशी ओल्या सतरंजीवर मांडी घालून बसले. क्लास संपेपर्यंत ते तिथेच होते. अधूनमधून शेजारी वळून बघायचे. इतका शांत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

मुलं गेल्यावर ते उठले.

"दमलीत पोरं," म्हणाले. "आज बसू देत. पुढच्या शनिवारी येऊन मी नेतो त्यांना."

"आणि तुमचे बूट?"

"राहू देत इथेच. आज अनवाणी झोपतो."

त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले. पुतण्याने येऊन घर रिकामं केलं. बूट मीच त्याच्या हातात दिले, आणि त्याने ते बाकीच्या सामानाबरोबर कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकले. मी गॅलरीतून पाहत होते.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर रांगेत पाच जोड होते. पुढचा तपकिरी, घोट्याच्या वरपर्यंतचा. बाहेर ऊन होतं, आणि तोही चिंब भिजलेला होता.

मी पालकांना कळवलं, घरगुती अडचणीमुळे क्लास बंद. सगळे हळहळले. प्रताप म्हणतो, एवढं भांडून मिळवलंस आणि सोडून दिलंस, तुझं काही कळत नाही. त्याला बूट दिसत नाहीत. चिखल दिसतो, तो मॉप घेऊन पुसतो आणि नव्या शेजाऱ्यांना नावं ठेवतो.

पण मी क्लास सोडलेला नाही. सोडू तरी कशी? एका शनिवारी मी मुद्दाम आतल्या खोलीत दार लावून बसले, तर दिवेलागणीपर्यंत गॅलरीकडच्या खोलीत कुणीतरी ताटकळत उभं होतं. फरशी एकसारखी कुरकुरत होती. पोरांना नेतो म्हणालेले केसही हुकुमाविना हललेले नव्हते. म्हणून आता शनिवारी मी सतरंज्या टाकते, तानपुरा लावते आणि हात वर करते. केसनी मला दोनच खुणा सांगितल्या होत्या, थांबा आणि बसा. निघा म्हणायची खूण कोणती, ते विचारायचं राहून गेलं.

आजही शनिवार आहे. मी तळहात खाली दाबला. खिडकीपाशी फरशी करकरली, सगळे एकदम बसले तशी.